कादंबरीत सासू नव्हती

अर्जदार : प्रस्तुत लेखक, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जलेखन, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर.

गैरअर्जदार क्रमांक एक : एका कादंबरीचे लेखक. पुस्तकाचे मुखपृष्ठ व सुरुवातीची पाने गेलेली असल्यामुळे नाव-गाव अज्ञात.

गैरअर्जदार क्रमांक दोन : दवाखान्यात हाडांचे फोटो काढणारे एक गृहस्थ, सध्या बदलीच्या गावी.

साक्षीदार : पहिल्या, हाडांच्या वॉर्डातील सिस्टर. दुसऱ्या, त्यांच्या सासूबाई, मूळ राहणार माढा तालुका. तिसरे, समोरच्या खाटेवरील विणकर.

घटनेचा काळ : एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा.

घटनेचे ठिकाण : खाट क्रमांक आठ.

नावे दिलेली नाहीत, हा अर्जातला दोष आहे हे मला समजते. बिननावाचा अर्ज कोणतीही कचेरी दाखल करून घेत नाही आणि असे अर्ज लिहून मागणाऱ्यांना मी स्वतः वेळोवेळी परत पाठवले आहे. परंतु या प्रकरणातील माणसे याच शहरात भाजी घेतात, रांगेत उभी राहतात, लग्नामुंजीला जातात. नाव छापले की उद्यापासून त्यांना रस्ता उरणार नाही. सबब नाव नाही. बाकी मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे वडील वारल्यामुळे शाळा सुटली, परंतु भाषा सुटली नाही. कोर्टाच्या आवाराबाहेर कडुलिंबाखाली माझे टेबल आहे. शब्द कुठे वजनदार हवा आणि कुठे गरीब हवा, याचे ज्ञान पदवीधरांना नसते, ते मला आहे, हे मी गर्वाने नव्हे तर नोंद म्हणून लिहितो. माझा अर्ज वाचून एका मामलेदारसाहेबांनी चष्मा काढून पुसल्याचे त्यांच्या शिपायाने मला सांगितले होते.

त्या उन्हाळ्यात कोर्टाच्या पायऱ्या उतरताना समोरून एक ज्येष्ठ वकील आले. त्यांनी मला आधी नमस्कार केला. असे क्वचितच होते. मी दोन्ही हात जोडले, मान लववली आणि पायरी चुकलो. मांडीचे हाड मोडले.

दवाखान्यात माझा पाय पट्ट्यांनी आवळला, दोरी कप्पीवरून नेली आणि खाटेच्या पायथ्याशी विटा टांगल्या. हाड आपोआप जुळेपर्यंत तसेच पडून राहायचे. कुशीवर वळायचे नाही. पाठीला घामाचे पाणी सुटे, पण पाठ चादरीवरून उचलता येत नसे. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी उताणे पडून काढला असेल त्यांनाच याची कल्पना येईल. माशी नाकावर बसली तर हाताने हाकलता येई, पायावर बसली तर ती तिच्या मर्जीने उठे. लोकांची अडकलेली कामे सोडवणारा माणूस म्हणून माझा लौकिक. आणि शौचाच्या भांड्यासाठी सुद्धा मला हाक मारावी लागे. हाक ऐकून सिस्टर येत आणि म्हणत, "काय, आठ नंबर?" माझे नाव त्या वॉर्डात कोणी घेतल्याचे मला आठवत नाही.

माझी खाट दाराशी होती. दाराच्या उंबऱ्याशी, निम्मी आत आणि निम्मी व्हरांड्यात, एक म्हातारी बसे. ती सिस्टरची सासू. तिने स्वतःच मला सगळी हकीकत सांगितली, कारण आडव्या माणसाला बसलेल्या माणसाचे ऐकावेच लागते.

तिचा मुलगा फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत तो बेपत्ता झाला. तारेत तेवढेच होते, बेपत्ता. पुढे कैद्यांची अदलाबदल झाली आणि परत आलेल्यांत तो नव्हता. मग लष्कराने त्याला मृत धरल्याचा कागद आला. लष्कराने धरले, म्हातारीने धरले नाही. ती माढ्याकडचे घर थोरल्या मुलाच्या हवाली करून सुनेजवळ शुक्रवार पेठेत येऊन राहिली. सुनेने कुंकू लावायचे आणि हातात हिरव्या बांगड्या भरायच्या, हा तिचा हुकूम. परंतु वॉर्डात काचेच्या बांगड्या चालत नसत. म्हणून कामावर येताना सिस्टर बांगड्या उतरवून सासूच्या ओटीत देत, आणि नवरा हयात असलेल्या बाईचे मनगट रिकामे राहू नये म्हणून सासू त्यांच्या हाताला हळदीचा दोरा बांधी. ड्यूटी संपेपर्यंत ती बांगड्या सांभाळत उंबऱ्याशी बसे. उतरवताना एखादी तडकली तर फुटली म्हणत नसे. "वाढली," म्हणे, आणि संध्याकाळी नवी पेठेतून तशीच दुसरी आणी.

सिस्टरचे वय तिशीच्या आतले. बोलणे थोडके, चालणे भरभर. दोऱ्याची हळद पाण्याने सुटून त्यांच्या मनगटावर पिवळा डाग कायमचा बसला होता. आम्ही त्यांना कधी हसताना पाहिले नव्हते. समोरचा विणकर मात्र पाहिल्याचे सांगे. यंत्रमागाच्या पट्ट्यात हात सापडून मोडलेला हा गृहस्थ घरी तेलुगू बोले आणि वॉर्डात आमची सर्वांची थट्टा मराठीतून करी. मला तो "अर्धे वकील" म्हणत असे.

"फोटोवाले येतात ना, तेव्हा हसते," तो मला म्हणाला. "अर्धे वकील, तुमचा पाय एक. त्याचा फोटो किती वेळा आणतात, बघितलं का?"

हे मी बघितले नव्हते असे नाही. गैरअर्जदार क्रमांक दोन हे विधुर, अंगाने स्थूल, डोक्यावर केस कमी, आणि बोटांना फोटो धुण्याच्या औषधाचा वास. हाडाचा फोटो वॉर्डात पोचवणे हे त्यांचे काम नव्हते. तरी ते स्वतः येत, जुनाच फोटो खिडकीच्या उजेडात धरत आणि सिस्टरना बोलावून माझे हाड दाखवत. दोघेही त्या हाडाकडे बघत. बोलत मात्र पाण्याच्या पाळ्यांविषयी किंवा बदल्यांविषयी. म्हातारी उंबऱ्यावरून त्या दोघांकडे बघे. सगळ्यांच्या मध्ये मी, विटांना बांधलेला.

एके दिवशी या गृहस्थांनी माझ्या उशाशी एक पुस्तक ठेवले. नवी पेठेत भाड्याने पुस्तके देणारे दुकान होते, तिथून आणलेले. "तुमचं वाचन स्पष्ट आहे म्हणतात," ते म्हणाले. "मोठ्यानं वाचा. वॉर्डाचा वेळ जाईल." बोलले माझ्याशी आणि बघितले दुसरीकडे.

ती कादंबरी सरहद्दीवरील तंबूतल्या इस्पितळाची होती. नायिका नर्स. सुरुवातीची पाने नसल्यामुळे तिचा नवरा कसा मेला ते कळले नाही. आम्ही आरंभ केला तेव्हा तो मेलेलाच होता. मग डोळ्यांना पट्टी बांधलेला एक देखणा मेजर येतो. नर्स त्याला पत्रे वाचून दाखवते, आणि तिचे गोठलेले मन हळूहळू पाझरू लागते. भाषा फार सैल होती. एका पानावर चंद्र तीन वेळा उगवला होता. मी वाचता वाचता तिला कणा दिला. जिथे लेखकाने 'ती म्हणाली' लिहिले होते तिथे मी 'सदर नर्सने असे कथन केले की' असे वाचत असे. वॉर्ड शांत होई. आवाजाचे वजन हे असते.

सिस्टरना ती कादंबरी आवडली नाही. जाता येता कानावर पडेल तेवढे ऐकून त्या एकदा थांबल्या.

"आठ नंबर, ही बाई भांडी कधी धुते?"

"कोण?"

"तुमची नर्स. सकाळपासून नुसती कपाळावर हात ठेवत फिरतेय. तिच्या तंबूत कुणाला शी होत नाही का?"

विणकर इतका हसला की त्याचा मोडका हात दुखला आणि तो शिव्या देऊ लागला, त्या त्याच्या भाषेत असल्यामुळे येथे देता येत नाहीत.

घोटाळा झाला तो म्हातारीचा. ती बरेच दिवस काही न बोलता ऐकत होती. एका दुपारी ती सरकत सरकत माझ्या खाटेशी आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "आर्जीवाले, ह्यो अर्ज कुणी दिलाय?"

"कसला अर्ज, मावशी?"

"तुमी वाचताय त्योच की. आमच्या पोरीवरचा. नवरा लढाईत गेलाय, आन ती त्या मेजराबर बोलती म्हून."

"मावशी, ही कादंबरी आहे. रचलेली गोष्ट. हे खरे नाही."

"खरं न्हाय, मग छापलंय कसं? सरकार खोटं छापू देतंय व्हय?"

"ओ मावशी," समोरून विणकर ओरडला, "सरकारच छापतंय खोटं!"

वॉर्ड हसला. म्हातारी हसली नाही. या ठिकाणी वाचकांनी तिला अडाणी समजू नये. तिच्या आयुष्यात कागदावरून मोठ्याने वाचलेला मजकूर दोनच प्रकारचा होता, देवळातली पोथी आणि कचेरीतला कागद. पोथीत देव असतात. यात देव नव्हते. शिवाय वाचणारा मी, ज्याच्या टेबलाशी तिच्या गावची माणसे अर्ज लिहून घेतात. तिने जो निष्कर्ष काढला तो पुराव्यावरून काढला होता. मी पुष्कळ समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बरं. मग हिची सासू कुटं हाय?"

"सासू नाही यात."

"नवरा हाय म्हंजी सासू असणारच की. त्यो काय आभाळातनं पडला व्हय?"

मी पाने चाळली. खरोखरच नव्हती. मेजराची आई होती, तिचा हार होता, तिचा कुत्रा सुद्धा होता. मेलेल्या नवऱ्याच्या आईचा उल्लेख एका ओळीतही नव्हता.

"तिचं कुणी इचारलंच न्हाय," म्हातारी म्हणाली. "तिला न इचारता निकाल लावला."

हे वाक्य मला लागले. एकतर्फी निकाल म्हणजे काय, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? ज्याला समन्स पोचले नाही, ज्याचे म्हणणे ऐकले नाही, त्याच्याविरुद्ध झालेला हुकूम. असे हुकूम फिरवून घेण्यासाठी मी आयुष्यभर लिहीत आलो.

"माझं बी लिवा," ती म्हणाली.

मला लिहिता येत नव्हते. उताण्या माणसाच्या लेखणीत शाई उतरत नाही. म्हणून तिने सांगायचे, मी भाषेत बसवून पाठ करायचे, आणि दुसऱ्या दिवशी कादंबरीतल्या योग्य जागी वाचायचे, असे ठरले. तिला वाटले, वाचले म्हणजे दाखल झाले. मी तो गैरसमज दूर करू शकलो नाही. खरे सांगायचे तर बरेच दिवसांनी कोणीतरी मला काम दिले होते.

दुसऱ्या दिवशी मेजराची पट्टी सुटण्याचा प्रसंग होता. सिस्टर विणकराचे बँडेज बदलत होत्या. मी वाचू लागलो, आणि पट्टीचा एक पदर उलगडल्यावर त्याच आवाजात पुढे म्हणालो, "सदर नर्सची सासू असे कथन करते की, सुनेच्या कपाळी कुंकू आहे तोवर मुलगा हयात आहे. सुनेने ते पुसले तर त्याच दिवशी तो मरेल. लष्कराच्या कागदाने तो मेलेला नाही."

सिस्टरचा हात थांबला. "हे पुस्तकात आहे?"

"आता आहे, सिस्टर."

त्यांनी उंबऱ्याकडे बघितले. म्हातारी ओटीतल्या बांगड्यांकडे बघत होती. मला वाटले, आता पुस्तक जप्त होणार. सिस्टरनी बँडेजची गाठ मारली, कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडे तोंड करून, पण माझ्यासाठी नव्हे, म्हणाल्या, "मग त्या नर्सचंही लिहा. लग्नानंतर तो दोनदा रजेवर आला. तोंड आठवतं, कारण भिंतीवर फोटो आहे. आवाज आठवत नाही. किती आठवलं तरी येत नाही."

"आर्जीवाले," म्हातारी म्हणाली, "तिला सांगा, त्याचा आवाज माझ्यागत हुता. घोगरा."

सिस्टर ट्रे घेऊन निघून गेल्या.

त्या दिवसापासून त्या दोघी माझ्यामार्फत बोलू लागल्या. एका खोलीत राहणाऱ्या, एका तव्यावरची भाकरी खाणाऱ्या बायका. पण घरी जे बोलता येत नव्हते ते माझ्या खाटेवर येऊन पुस्तकातल्या माणसांना सांगत. मला उठून जाता येत नव्हते. तोंड फिरवायचे तर भिंत होती. दोन बाजूंच्या मध्ये वकील उभा असतो, परंतु त्याला संध्याकाळी घरी जाता येते.

"त्या नर्सला सांगा, मेजर मानूस वाईट न्हाय," म्हातारी एकदा म्हणाली. "पर पोट लई सुटलंय."

"कादंबरीतल्या मेजराचे पोट सुटलेले नाही, मावशी."

"मी बघितलंय की."

सिस्टरच्या ओठाचा एक कोपरा हलला. विणकराने तेवढ्यावरून दिवसभर मला डोळे मारले.

पण दुसऱ्या दिवशी सिस्टर माझ्या पायाची दोरी तपासताना हलक्या आवाजात बोलल्या, आणि या वेळी पुस्तक मिटलेले होते. "मेजरानं विचारलंय. हो म्हणावंसं वाटतं. पण ती म्हातारीला कुठं ठेवणार? माढ्याला थोरल्याच्या घरी तिचं अंथरूण गोठ्यालगत टाकतात. मी पाहिलंय."

म्हातारीचे कान तिखट होते. "मला ठेवायची काळजी कुणी करू नगा," ती उंबऱ्यावरून म्हणाली. "मी काय भांडं हाय?"

"आत्या, मी तसं नाही म्हटलं."

इतक्या दिवसांत त्या प्रथमच पुस्तकाशिवाय सासूशी बोलल्या. म्हातारीने पदर तोंडावर घेतला. मला वाटले ती रडते आहे. ती रडत नव्हती. ती विचार करत होती, हे मला पुढे कळले.

कादंबरीचे शेवटचे प्रकरण आले. सरहद्दीवरचे लहानसे स्टेशन, गाडी लागलेली, मेजर आणि नर्स डब्यात चढतात. त्या दुपारी गैरअर्जदार क्रमांक दोन फोटो घेऊन आले होते. त्या दिवशीचा फोटो नवा होता आणि त्यातून अजून पाणी टपकत होते. तो खिडकीत धरून ते उभे राहिले. सिस्टर माझ्या पायथ्याशी होत्या. मी माझ्या सर्वोत्तम आवाजात वाचले. गाडीने शिटी दिली, हातरुमाल हलले, पुस्तक संपले.

"आन सासू?" म्हातारीने विचारले.

कोणत्याही अर्जाचा शेवट मला झोपेत विचारला तरी सांगता येतो. हा येईना. प्लॅटफॉर्मवर तिला उभी करावी तर ती तिथे कशी आली? घरी बसवावी तर कोणाच्या घरी?

"लिवा," म्हातारी म्हणाली. ती उंबऱ्यावरून उठली. मी तिला त्या दारात उभी असलेली प्रथमच पाहिली. माझ्या अंदाजापेक्षा ती उंच होती. "लिवा, सासूबी गाडीत हाय."

"कोणत्या नात्याने?" हे मी सवयीने विचारले. अर्जात नाते लिहावेच लागते, त्याशिवाय हक्क सांगता येत नाही. परंतु विचारल्याबरोबर मला वाटले की हा प्रश्न विचारायला नको होता, कारण त्याला उत्तरच नव्हते. मेलेल्या नवऱ्याची आई नव्या नवऱ्याची कोण लागते?

म्हातारीने खिडकीतल्या गृहस्थांकडे सरळ बघितले.

"त्याची सासू," ती म्हणाली. "पोर माझी. मी दिली. मंग मी त्याची सासू न्हाय व्हय?"

सिस्टरनी माझ्या खाटेची लोखंडी कड धरली. विटा हलल्या आणि माझ्या मांडीत कळ आली, पण मी आवाज काढला नाही. आता बोलण्याची पाळी एकाच माणसाची होती. त्यांनी फोटो उजेडात थोडा वर धरला, थोडा खाली धरला.

"हाड जुळत आलंय," ते म्हणाले. "उत्तम जुळत आलंय." मग म्हातारीला नमस्कार केल्यासारखे काही केले, "बघतो. कळवतो," असे म्हणाले आणि गेले.

त्यानंतर माझ्या हाडाचे फोटो दुसरेच कोणी आणू लागले. काही दिवसांनी त्यांची बदली झाल्याचे समजले. जाण्यापूर्वी त्यांनी सिस्टरना जिन्यात गाठले होते. हे सिस्टरनीच मला सांगितले, माझ्या पायाची दोरी सोडून प्लास्टर चढवण्याच्या दिवशी, खाली बघत, कामात असल्यासारखे.

"म्हणाले, तुम्ही या. त्या मागाहून येतील."

"मग?"

"मी विचारलं, मागाहून म्हणजे कधी? तर म्हणाले, कळवतो." त्यांनी ओले प्लास्टर हाताने गुळगुळीत केले. "मी त्यांना म्हटलं, मला नका कळवू. तिनं विचारलंय, तिला कळवा."

मी घरी गेलो. काठीने चालू लागलो, टेबल पुन्हा कडुलिंबाखाली मांडले. या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. इथे प्रकरण संपले असते तर मी हा मजकूर लिहिला नसता. पण म्हातारी दर काही महिन्यांनी टेबलाशी येते. पावसात आली तर माझ्या छत्रीखाली उभी राहते. पहिला प्रश्न एकच.

"आलं का उत्तर?"

तिच्या समजुतीप्रमाणे तिचे म्हणणे त्या दिवशी रीतसर दाखल झाले आहे. साक्षीदार होते, लिहिणारा मी होतो, समोरच्या पार्टीने ऐकले होते. आता उत्तर येणे बाकी. मी म्हणतो, "प्रलंबित आहे, मावशी." हा शब्द तिला आता पाठ झाला आहे.

तिने त्या दुपारनंतर सुनेच्या हाताला दोरा बांधला नाही आणि बांगड्या भरल्या नाहीत. कुंकवाचे बोटसुद्धा लावले नाही. दिलेली पोर ही आपली सून उरत नाही, असे तिचे म्हणणे. पण ज्याला दिली त्याने नेली नाही. म्हणजे सिस्टर आता सवाष्ण नाहीत, विधवा नाहीत, आणि नवरीही नाहीत. पूर्वी एका बेपत्ता माणसाच्या नावाने त्या अडकल्या होत्या. आता दुसऱ्याच्या.

गेल्या वर्षी बार्शीकडचे एक शिक्षक सिस्टरना मागणी घालायला आले. भला माणूस, मी स्वतः चौकशी केली. सासूबाईंनाही बरोबर घेऊन या, असे त्यांनीच आधी सांगितले. मला वाटले, सुटले प्रकरण. म्हातारीने त्यांना चहा पाजला आणि सांगितले, "पोर एका ठिकाणी दिल्याली हाय. त्याचं उत्तर यायचंय. त्यानं न्हाय म्हणल्याबिगर दुसऱ्याला कशी देऊ? शब्दाला काय किंमत हाय की न्हाय?"

"अहो मावशी, त्यांनी नाही म्हटल्यातच जमा आहे," मी म्हणालो.

"जमा कुटं? दावा की कागद."

मी सिस्टरकडे बघितले. वाटले, त्या तरी बोलतील. त्या शिक्षकांचा कप उचलून आत गेल्या. नंतर मला एकटे गाठून म्हणाल्या, "आठ नंबर, तिनं आयुष्यात एकच गोष्ट आपल्या मनानं सोडली. मी तिला खोटं कसं पाडू?"

शिक्षकांचे दुसरीकडे लग्न झाले.

गैरअर्जदार क्रमांक एक, म्हणजे कादंबरीचे लेखक, यांच्याविरुद्ध माझे काही मागणे नाही. एक माणूस राहून गेले, ते त्यांना माहीत नव्हते. गैरअर्जदार क्रमांक दोन यांना माहीत होते. त्यांच्या गावी मी पत्रे लिहिली, त्यांची पोच नाही. परंतु हे गृहस्थ भाड्याने पुस्तके आणून वाचणारे आहेत. म्हणून मी हे छापील मार्गाने पाठवत आहे. कधीतरी, कुठल्यातरी दुकानातून, त्यांच्या हाती पडेल.

तरी गैरअर्जदार क्रमांक दोन यांना नम्र परंतु स्पष्ट विनंती की, त्यांनी सदर म्हातारीच्या म्हणण्यास होय अथवा नाही असे उत्तर स्वतःच्या सहीने द्यावे. कारणे देण्याची आवश्यकता नाही. नकार असल्यास त्याबद्दल कोणी त्यांना जाब विचारणार नाही, याची हमी मी घेतो. 'कळवतो' हे उत्तर धरले जाणार नाही. म्हातारीची नजर आता कमी झाली आहे आणि कागद तिला मीच वाचून दाखवणार आहे, तेव्हा अक्षर कसेही असले तरी चालेल. दोन बायकांचा न्याय आपल्या एका शब्दावर थांबला आहे. तो शब्द त्वरेने मिळावा.

अर्जदार, कोर्टाच्या आवाराबाहेर, कडुलिंबाखाली, सोलापूर.